फेमस फाइव्ह मुलीच्या हातातून काढून घ्यायचं का?

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. नऊ वर्षांची मुलगी सुट्टीत ‘फेमस फाइव्ह’ या इंग्रजी साहसकथा-मालिकेची पुस्तकं एकामागून एक फस्त करतेय. आईनेही ती लहानपणी वाचली होती, म्हणून कौतुकाने पुन्हा हातात घेतली आणि दचकली. भांडी कायम ॲननेच घासायची, जिप्सी दिसला की तो चोर, बोलण्याचालण्यात परकेपणा असला की माणूस संशयित. आता पुस्तकं काढून घ्यायची, बदललेल्या आवृत्त्या शोधायच्या, की काहीच करायचं नाही?

मी बावीस वर्षं पुण्यात मुलांचा वाचनगट चालवते आणि मुलांच्या अनुवादित पुस्तकांचं संपादन करते. हा प्रश्न दर सुट्टीत कुणी ना कुणी विचारतंच. माझं उत्तर: काढून घेऊ नका. पण तुमच्या तक्रारींचा क्रम मी उलटा लावेन. ॲनच्या भांड्यांची काळजी कमी करा, जिप्सींची जास्त करा. भांड्यांचं मुलींना आपोआप दिसतं. दुसरं दिसत नाही, आणि तेच आत जाऊन बसतं.

आधी ॲनचं बोलू. एनिड ब्लायटनने या मालिकेतली 21 पुस्तकं 1942 ते 1963 या काळात लिहिली. ज्युलियन, डिक, जॉर्ज, ॲन आणि टिमी कुत्रा. मुक्काम गुहेत असो, तंबूत असो की कॅरॅव्हॅनमध्ये, ॲन तिथे लगेच फळी शोधते, डबे रचते, कप विसळते. (खाण्यापिण्याची एवढी रसभरीत वर्णनं का, असंही मुलं विचारतात. पहिलं पुस्तक आलं तेव्हा इंग्लंडमध्ये युद्धामुळे रेशनिंग होतं आणि ते पुरतं उठलं 1954 साली. हॅम आणि केकची ती वर्णनं त्या वेळच्या मुलांनी कोणत्या भुकेने वाचली असतील!) आमच्या गटातल्या दहा वर्षांच्या एका मुलीने ग्रंथालयाच्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने रकाने पाडले होते. चार नावं, आणि कुणी काम केलं की त्याच्यापुढे एक उभी रेघ. ॲनपुढे रेघांचं कुंपण झालं होतं. गटातले मुलगे म्हणाले, पण तिला आवडतं की ते काम! पुस्तकात तसं लिहिलेलंच आहे. त्यावर ही म्हणाली, “आवडतं असं लिहिणारीने लिहिलंय.” मला त्यात भर घालायला काही उरलं नव्हतं. मुलींना घरातली वाटणी रोज दिसते, त्यामुळे पुस्तकातलीही दिसते. तुमच्या मुलीला दिसली असेल किंवा दिसेल.

जॉर्जच्या बाबतीत मात्र मी थोडी थांबते, कारण सगळ्या मुलींची ती लाडकी असते. नाव जॉर्जिना, पण त्या नावाने हाक मारली तर ओ देत नाही. केस बारीक कापलेले, होडी वल्हवणार, कुणाला घाबरणार नाही. ब्लायटनने पुढे कबूल केलं होतं की जॉर्ज म्हणजे ती स्वतःच. पण जॉर्जचं म्हणणं नीट ऐका. मुलींना हे सगळं जमतं, असं ती कधी म्हणत नाही. ती म्हणते, मला मुलगी समजू नका. तिचं सर्वांत मोठं कौतुक म्हणजे ‘अगदी मुलासारखी’. आपल्याकडेही कर्तबगार लेकीला ‘हा माझा मुलगाच आहे’ म्हणतात आणि ते ऐकून लेकही सुखावते. 1954 सालच्या ‘फाइव्ह गो टू मिस्टरी मूर’मध्ये हेन्री नावाची आणखी एक मुलगी येते. मूळ नाव हेन्रिएटा, तीही मुलासारखी राहणारी. दोघींची मैत्री होईल असं वाटतं, पण पहिल्या पानांपासून दोघींना एकमेकींचं तोंड बघवत नाही. मी मुलांना एवढंच विचारते: का पटत नसेल त्यांचं? एकदा एक मुलगा म्हणाला, “एकच जागा आहे ना, आणि उमेदवार दोन.” नऊ-दहा वर्षांची मुलं इथपर्यंत स्वतःच्या पायाने येतात. तुम्ही प्रश्न टाकायचा आणि गप्प बसायचं.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसले तो भाग.

याच ‘मिस्टरी मूर’मध्ये माळरान आहे, धुकं आहे आणि जुन्या रेल्वेची गंजलेली लाइन आहे. वाळू काढण्यासाठी बार्टल नावाच्या कुटुंबाने ती टाकलेली. एका धुक्याच्या दिवशी सगळे बार्टल नाहीसे झाले. का? तर जिप्सींशी वैर होतं, असं गावातला म्हातारा लोहार मुलांना सांगतो. म्हणजे जिप्सींनी या पुस्तकात काही करण्याआधीच त्यांच्या नावावर एक जुना खून जमा आहे. पुढे विमानातून खोट्या डॉलरच्या नोटांची पाकिटं माळावर टाकली जातात आणि ती गोळा करणारे जिप्सीच निघतात. संशय घेतला आणि तो खराच ठरला. वाचताना मुलाच्या मनात जी गाठ बसते ती इथे. ॲनबद्दल पुस्तक नुसतं मत मांडतं, त्यामुळे त्याच्याशी वाद घालता येतो. जिप्सींबद्दल ते पुरावा देतं. रहस्यकथेत लेखकच पोलीस, लेखकच न्यायाधीश. मुलाने वाद घालायचा तरी कुणाशी?

याच पुस्तकात स्निफर नावाचा एक जिप्सी मुलगा आहे. सारखं नाक ओढतो म्हणून स्निफर. जॉर्ज त्याला रुमाल देते. तो रुमाल त्याला इतका आवडतो की तो नाकाला लावतच नाही, जपून ठेवतो. ब्लायटनला मुलं कळायची, हे अशा जागी दिसतं. स्निफरचा बाप त्याला मारतो. त्याचं स्वप्न काय, तर चाकांवरच्या घराऐवजी पक्क्या घरात राहायचं आणि सायकलवरून शाळेत जायचं. पकडल्या गेलेल्या मुलांना वाट दाखवणारा तोच. काटक्या आणि पानं ठेवून केलेल्या खुणा त्याला येतात. त्या खुणांना पुस्तकात पॅट्रिन म्हटलंय. म्हणजे कथा पार पडते ती त्याच्या लोकांच्या विद्येवर, आणि पुस्तकाला त्याच्यासाठी सुचणारं सुख एकच, की त्याने आपल्या लोकांमधून बाहेर पडावं. 1950 च्या ‘फाइव्ह फॉल इन्टू ॲडव्हेंचर’मधली जो ही मुलगीही अशीच. मळकी, चोरटी, शूर, आणि शेवटी एका भल्या घरात नेऊन ठेवलेली. चांगला जिप्सी म्हणजे जिप्सीपणातून सुटलेला जिप्सी.

हे मला लगेच दिसलं, असं नाही. काही वर्षांपूर्वी गटात हेच पुस्तक चाललं होतं. कुणीतरी सहज म्हणालं, “जिप्सी चोरच असतात ना?” दोन-तीन मुलांनी हो म्हटलं. मी कथेच्या ओघात होते, पुढे वाचत राहिले. कोपऱ्यात बसणारा एक अबोल मुलगा वाचन संपल्यावर चपला घालताना माझ्याकडे न बघता म्हणाला, “माझी आजी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये जन्मली.” पुढचे दोन शनिवार तो आला नाही.

तुमच्यापैकी काहींना सेटलमेंट म्हणजे काय ते सांगावं लागेल. इंग्रज सरकारने 1871 साली ‘गुन्हेगार जमाती कायदा’ केला. त्यात माणसाने गुन्हा करायची गरज नव्हती, ठरावीक जमातीत जन्मलं की पुरे. मुंबई इलाख्यात तो 1911 च्या कायद्याने लागू झाला. नावं नोंदवायची, पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. काही जमातींना कुटुंबकबिल्यासह कुंपणाच्या आतल्या वसाहतींत ठेवलं. सोलापूरची सेटलमेंट त्यातली एक. कायदा रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 रोजी. ‘विमुक्त’ हा शब्द त्यातूनच आला. म्हणजे ‘मिस्टरी मूर’ इंग्लंडमध्ये छापलं गेलं तेव्हा त्या मुलाची आजी कुंपणाबाहेर येऊन दोनच वर्षं झाली होती. फिरस्ती माणसं जन्मतःच चोर, ही समजूत एकच. इंग्लंडमध्ये तिची गोष्ट झाली, इथे तिचा कायदा झाला.

तो मुलगा तिसऱ्या शनिवारी परत आला. मी त्याला काही विचारलं नाही. त्या दिवशी मी फळ्यावर शब्द लिहिले: नाक, कान, बाल, पानी. विचारलं, कुठली भाषा? हिंदी, मराठी, गुजराती, सगळी उत्तरं आली. मी सांगितलं, ही स्निफरची भाषा. रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून निघाले. युरोपभर फिरताना कैक शब्द बदलले, कैक आले-गेले, पण त्यांच्या रोमानी भाषेत नाकाला ‘नाक’, कानाला ‘कान’, केसांना ‘बाल’ आणि पाण्याला ‘पानी’ अजूनही म्हणतात. आणि पॅट्रिन? रोमानीत त्याचा अर्थ पान. संस्कृतातलं पत्र, आपली पत्रावळ, गणपतीला वाहतो ती पत्री, सगळी एकाच घरातली. मुलं एकदम गप्प झाली. मग एकीने हळूच विचारलं, “म्हणजे ते आपल्यातले होते?” मी म्हटलं, आपल्यातले नसते तरी चोर नव्हते. पण तिचा तो ‘आपल्यातले’ वर्गात काम करून गेला, हे मान्य करते. अबोल मुलगा त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने वाचायला उठला.

तेव्हापासून या पुस्तकांपैकी कुठलंही सुरू करायच्या आधी मी हे शब्द फळ्यावर लिहिते. जिप्सी हे नाव इतरांनी दिलं, ते स्वतःला रोमा म्हणवतात, हेही सांगते. मोठ्या मुलांना, म्हणजे बारा-तेराच्या पुढच्यांना, हेही सांगते की दुसऱ्या महायुद्धात नाझींनी किमान दोन लाख रोमा माणसं मारली, आणि हे पुस्तक त्यानंतर नऊ वर्षांनी आलं.

इथे हमखास एक जण म्हणतो, “तो काळच तसा होता, तेव्हा कुणाला काही वाटत नव्हतं.” हे खरं नाही, आणि मुलांना तर असं मुळीच सांगू नये. 1960 मध्ये मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने ब्लायटनचं एक हस्तलिखित परत केलं. चोर परदेशी आहेत एवढ्यावरच त्यांची चोरी जणू समजावून सांगितलीय, यात परक्यांबद्दलची जुनाट तेढ आहे, अशा अर्थाचा शेरा त्यांच्यासाठी हस्तलिखितं तपासणाऱ्या वाचकाने दिला होता. तेव्हा ब्लायटन खपाच्या शिखरावर होती. 1937 च्या तिच्या एका गोष्टीत काळ्या बाहुल्याचं तोंड कुणाला आवडत नाही आणि पावसाने त्याचा रंग धुऊन निघाला की तो सगळ्यांना हवासा होतो. त्यावर लीना जेगर यांनी 1966 साली ‘गार्डियन’मध्ये कडक लिहिलं. तेव्हा ब्लायटन हयात होती. मुलींचं म्हणाल, तर आर्थर रॅन्समच्या 1930 मधल्या ‘स्वालोज अँड ॲमेझॉन्स’मध्ये नॅन्सी ब्लॅकेट शिडाच्या होडीची कप्तान आहे आणि त्यासाठी तिला आपण मुलगा आहोत असं म्हणावं लागत नाही. म्हणजे फेमस फाइव्हच्या बारा वर्षं आधी हे सुचू शकत होतं. (स्वयंपाक त्याही पुस्तकात सुझन नावाच्या मुलीकडेच आहे, तेवढं खरं.)

बदललेल्या आवृत्त्यांबद्दल. प्रकाशकांनी 2010 मध्ये फेमस फाइव्हची भाषा आजची करायचा प्रयत्न केला. जुन्या धाटणीचे शब्द बदलले, ‘मदर-फादर’चं ‘मम-डॅड’ केलं, घाणेरडा टिंकर (फिरता कल्हईवाला) असं जिथे होतं तिथे ‘ट्रॅव्हलर’ घातलं. वाचकांना ते रुचलं नाही आणि 2016 मध्ये त्यांनी जुना मजकूर परत आणला. मला विचाराल तर लहानांच्या चित्रांच्या पुस्तकांत बदल योग्यच होते. ब्लायटनच्याच नॉडीच्या गोष्टीत त्याची गाडी चोरणारे गॉलिवॉग, म्हणजे काळ्या चेहऱ्याचे बाहुले होते, त्यांच्या जागी पुढे गॉब्लिन आले. चार वर्षांच्या पोराशी त्यावर चर्चा करत बसता येत नाही, ते चित्र थेट डोळ्यांतून आत जातं. पण नऊ-दहा वर्षांच्या वाचकाच्या पुस्तकातली शिवी काढून सभ्य शब्द घातला आणि कथानक तसंच ठेवलं, तर काय साधलं? चोर तोच, फक्त त्याचा उल्लेख आदराने. उलट ज्या शब्दाला अडखळून मुलाने “असं का म्हणतात?” विचारलं असतं, तो शब्दच गेला. म्हणून या वयासाठी मी मूळ मजकूर निवडते, पण शेजारी मोठं माणूस हवं, या अटीवर.

मराठी अनुवाद वाचत असाल तर एक वेगळी सावधगिरी. ब्लायटन पात्राला ‘डार्क’ म्हणते तेव्हा पुष्कळदा तिला केस काळे आहेत एवढंच सांगायचं असतं, गोऱ्या लोकांतली ती नेहमीची बोलण्याची रीत आहे. अनुवादात त्याचं ‘काळा’ होतं, आणि तो माणूस खलनायक असला तर मजकूर तपासायला माझ्याकडे येईपर्यंत ‘काळाकुट्ट’ झालेला असतो. मूळ लेखिकेच्या माथी आपलं पाप. तसंच जिप्सीला मराठी शब्द शोधताना ‘भटक्या जमातीचा’ असं लिहिलेलं मी खोडलं आहे. तो शब्द आपल्याकडे खऱ्या माणसांच्या दाखल्यावर असतो, शाळेत त्यांच्या मुलांच्या नावापुढे असतो. गोष्टीतल्या चोराला तो चिकटवला की सोबत बसलेल्या मुलाला चिकटतो. ‘जिप्सी’ तसाच ठेवावा आणि तळटीप द्यावी, या मताला मी आले आहे. अनुवादक कधीकधी रागावतात.

आणि आपल्या घरात बघायला विसरू नका. “जेव, नाहीतर बैरागी झोळीत घालून नेईल,” हे वाक्य ब्लायटनने लिहिलेलं नाही.

पुढे काय वाचायला द्यायचं, हेही विचारतात. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे द्याच. काटकुळा, ‘टॉक्’ करणारा, सायकल दामटणारा बनेश मुलांना अजूनही आवडतो. तोही मुख्यतः मुलग्यांचा मुलूख आहे, ॲनच्या रकान्यांची पेन्सिल तिथेही चालवू द्या. भागवतांनीच मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न थोडा मोठेपणी द्या. त्याचा कॅप्टन निमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, इंग्रजांशी लढलेला, हे कळल्यावर मुलं हरखतात. हे ज्यात कळतं त्या ‘मिस्टीरियस आयलंड’मध्येच गुलामगिरीतून सुटलेला नेब मात्र शेवटपर्यंत सेवकच राहतो. एकच लेखक एका माणसाला बघू शकतो आणि दुसऱ्याला बघू शकत नाही, हे मुलांना तिथे फार स्पष्ट समजतं. आणि पंधरा-सोळाव्या वर्षी, त्याआधी नको, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’. 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं हे आत्मकथन म्हणजे ज्यांना गोष्टींमध्ये फक्त पकडलं जातं, त्यांच्यातल्याच एकाने सांगितलेली हकिगत. भूक, पोलिसांची मारहाण, शाळेत पहिल्यांदा जाण्याची धास्ती, सगळं आहे. ते वाचल्यावर स्निफरच्या बापाकडे पुन्हा बघता येतं. तो का मारतो, आणि त्याला स्वतःला किती मार बसला असेल, हे ब्लायटन विचारत नाही.

तर मुलीच्या हातातलं पुस्तक काढू नका. तिच्या ढिगात ‘मिस्टरी मूर’ असेल तर या आठवड्यात तेच दोघी मिळून वाचा, एक प्रकरण तिने, एक तुम्ही. मध्ये थांबून प्रवचन देऊ नका, मुलं लगेच कान बंद करतात. नाक, कान आणि पानी एवढे तीन शब्द तिला आधी सांगून ठेवा. पॅट्रिनचं प्रकरण आलं की ती बागेत जाऊन काटक्या-पानं गोळा करेल, आमच्याकडे सगळी मुलं करतात. करू द्या. खूण मांडून झाली की विचारा, ही तुला शिकवली कुणी?